घोडीवरचा दोरा

२० सप्टेंबर १९३७, सोमवार

आजही आली! मुलींच्या शाळेची नवी मास्तरीण — शैलजा. चारला शाळा सुटली की तंबोरा घेऊन हजर. म्हणे शारदोत्सवात गायचंय, जवारी बसत नाही. साऱ्या जळगाव जामोदात जवारी लावावी ती यांनीच, आमच्या मास्तरांनीच, हे मला काय नवीन आहे? खामगावाहून लोक तंबोरे घेऊन येतात यांच्याकडे. पण एका तंबोऱ्याला आठ दिवस? घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर इकडे नाहीतर केसभर तिकडे सरकवायचा, की तार खुली, गुंजत बोलते; तीच जवारी. पान लावायला लागतो तेवढा वेळ लागायचा यांना!

चहा दिला. "काऊन तरास घेता, वहिनी?" गोड बोलता येतं बाईला.

२३ सप्टेंबर

दोरा तिनंच आणला! लग्न झाल्यापासून, सोळा वर्षं, घोडीचा दोरा माझ्या शिवणाच्या डब्यातला. हे हाक मारायचे, मी दातानं तोडून द्यायचे. आज तिनं पिशवीतून काढून दिला अन् यांनी घेतला. मी दारात उभी, हातात रीळ. कुणी वळून पाहिलं नाही.

२७ सप्टेंबर

पोळी निवते म्हणून आतून दोनदा हाक मारली. ढिम्म! अन् तिनं नुसती मान हलवली तरी कळतं. हे तार छेडतात अन् पाहतात कुठं? तारेकडे नाही — तिच्या तोंडाकडे! तिनं मान हलवली की दोरा सरकवतात, परत तोंडाकडे. शोभतं का हे चाळिशी उलटलेल्या माणसाला?

शेजारच्या कौशल्याबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "काऊन वं, मास्तरायले शिकवणी लागली का कोन्ती?" मी हसले. मेलं ते हसणं!

२९ सप्टेंबर

आज आली नाही. हे खिडकीशी. वाट पाहून राह्यले!

४ ऑक्टोबर

शेवटी विचारलंच. हे पाठमोरे बसून वह्या तपासत होते. "ती रोज काऊन येते?" तर म्हणतात, "हो, आणतो दळण."

दळण! टाळायची ही काय रीत झाली? मोरीत जाऊन रडले. सोळा वर्षांत यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण हे असं उडवून लावणं? तिची भरसभेत फजिती झाली पाहिजे. झालीच पाहिजे. देवा, मी जळते आहे, मला कळतं. पण मी का जळू नये?

११ ऑक्टोबर

उद्या शारदोत्सव. तंबोरा लावून झाला, आजचा दिवस आमच्याकडेच आहे. दुपारी घरात कुणी नव्हतं. चारही तारांचे दोरे बोटभर मागं ओढले. छेडून पाहिलं — बद्द! फुटक्या मडक्यासारखं. बरं वाटलं. माह्या घरात बसून माह्या माणसाकडून लावून घेते काय? गा आता!

१२ ऑक्टोबर

लिहवत नाही. पण लिहिते.

शाळेचं पटांगण भरलेलं. गाण्याआधी यांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या. बद्द, बद्द, बद्द, बद्द. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या भजनी भगवानरावांच्या भुवया वर गेल्या. अन् हे डोळे मिटून, मान डोलवत म्हणतात — "वा! कशी खुली बोलून राह्यली!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. शैलजेचा चेहरा पांढराफटक. तिनं तंबोरा आपल्याकडे ओढला, पदर सावरायचं निमित्त केलं, खाली वाकून चारही दोरे जागेवर आणले. मग यांच्याकडे पाहून मान हलवली. यांनीही हसून मान हलवली. काय झालं ते यांना कळलंच नाही!

मला कळलं. दळण. पोळी. माझ्या हाका. तिचं गाणं कसं झालं ते मला सांगता येणार नाही.

१३ ऑक्टोबर

सकाळी समोर बसले, तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं. गेल्या वर्षीच्या बैलपोळ्यापासून कमी ऐकू येतं म्हणाले. शैलजेनं पहिल्याच दिवशी ओळखलं, अन् यांनी शपथ घातली म्हणून गप्प राहिली. दोऱ्यांचं मी बोलले नाही. पण एवढं विचारलं — "तिले ठाऊक, अन् मले काऊन नाही?"

हे खाली पाहतच बोलले.

"जाडे आवाज येतात अजून, बारीक जात चालले. सगळ्यात पहिले तुहाच गेला वं. ते तुले कोन्त्या तोंडानं सांगू?"