लालीबाईची बाजू

यवतमाळ,
१४ जानेवारी २००७

प्रिय सलील,

आज संक्रांत. सरांच्या घरून रजनीकाकूंनी सकाळीच तिळाच्या वड्यांचा डबा पाठवला आणि त्यातल्या चार तुला पाठव म्हणून निरोप दिला. मी पाठवत नाही. एक तर पोस्टात त्यांचा भुगा होईल, आणि दुसरं म्हणजे सहा वर्षांनी पहिलं पत्र लिहिताना 'गोड बोला' म्हणायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. विमा कंपन्यांची वकिली करायला तू नागपूरला निघालास त्या दिवशी बसस्टँडवर मी तुला जे बोलले ते तू विसरला असशील तर बरंच; मी विसरलेले नाही. त्याच्याकडे येते, पण आधी इकडच्या बातम्या देऊ दे. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. इथल्या न्यायाधीशांनाही आता सवय झालीय.

सर बरे आहेत. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर येतं. २००५ च्या दिवाळीत त्यांनी काळा कोट खुंटीला लावला तो लावलाच, आणि ऑफिस माझ्या आणि धर्मपालच्या हवाली केलं. धर्मपाल तुला आठवत असेल, मारेगावचा, तू जायच्या आधी दोनच महिने आला होता आणि पहिल्याच आठवड्यात तुझ्याशी भांडला होता. आता तो माझ्याशी भांडतो. रस्त्यावरच्या आणि कारखान्यातल्या अपघातांचे भरपाईचे दावे, दुसरं काही घ्यायचं नाही, हा सरांचा शिरस्ता आम्ही चालू ठेवलाय. नवी पाटी लावली तेव्हा मला वाटलं होतं सर चार शब्द बोलतील. मी तर रुमालही काढून ठेवला होता. त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, अक्षरं बारीक झालीत, वाकून काठीवर येणाऱ्या माणसाला दिसणार नाहीत. पाटी परत रंगवायला गेली.

काम मात्र वाढलं. कापसाचं इकडे काय झालं ते तू पेपरात वाचतच असशील. सरकारी खरेदी आटली, भाव पडला, शेतातली मजुरी गेली, म्हणून तांड्यातांड्यांवरच्या बायका सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यांत कामाला जायला लागल्या. ज्यांनी कधी यंत्र पाहिलं नाही त्यांना रोलरसमोर उभं केलं गेलं. मुंबई-दिल्लीहून पत्रकारांच्या गाड्या येतात, आत्महत्या करून मेलेल्यांची नावं लिहून घेतात आणि जातात. जी बाई मेली नाही, नुसता हात देऊन घरी आली, तिचं नाव कुणाच्याच वहीत नसतं. ती मग आमच्या बाकावर येऊन बसते.

नेरजवळच्या तांड्यावरची लालीबाई अशीच आली. वय असेल चाळीसच्या आतबाहेर. २००४ च्या हंगामात कापसाबरोबर तिचा उजवा हात रोलरमध्ये ओढला गेला. दवाखान्याच्या दाखल्यात लिहिलं होतं, तीन बोटं गेली. नवरा लखीराम तिला घेऊन आला आणि ती ओढणी सावरून बसली. दावा लावताना मी तो दाखला समोर ठेवला, सगळं त्याच्यावर बेतलं. दाखला अपघातानंतर तिसऱ्या आठवड्यात दिलेला होता, सगळा हात पट्टीत असताना. हे मी वाचलं होतं, सलील. वाचलं आणि पान उलटलं.

आता तुला मुकुटबनचा शंकरसिंग आठवतोय का ते सांग. जीपने उडवलेला चौकीदार. आपण दोघं तुझ्या स्कूटरवर गेलो होतो आणि माझी साडी चाकात अडकली म्हणून तू मला झरीच्या रस्त्यावर पंधरा मिनिटं शिव्या दिल्या होत्यास. सरांचा नियमच होता, पक्षकाराचं घर पाहिल्याशिवाय तडजोडीला हात लावायचा नाही. आणि पाहायचं कसं, तर न सांगता जायचं, कामाच्या दिवशी जायचं, खाटेवर बसायचं नाही, आणि त्या माणसाचं एखादं तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून उठायचं. कागदावर शंकरसिंगचा पाय मोडला होता, बस. आपण चुलीजवळ बसलो, तो सुतळी वळत होता, आणि मधूनच त्याने विचारलं, "कोनत्या गावचे तुमी?" थोड्या वेळाने परत तेच. मी परत उत्तर दिलं, हसून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू माझा हात दाबलास आणि हळूच म्हणालास, अनघा, याच्या डोक्याला मार आहे आणि तो कुठेच लिहिलेला नाही. त्या एका वाक्याने त्या माणसाचा दावा उभा राहिला. परत येताना मला तुझा इतका अभिमान वाटत होता की साडीबद्दल मी तुला काही बोलले नाही.

तर लालीबाईच्या घरी मीसुद्धा गेले. न जाता सही केली असती तर निदान सरळ सरळ कामचुकार ठरले असते. पण झालं असं, की त्याआधी दोन ठिकाणी न सांगता गेले तर घराला कुलूप. मारेगावपर्यंत जाऊन नुसतं कुलूप पाहून आले. मग मी शहाणपणा केला. लखीराम तारखेला आला होता, त्याला म्हणाले, मी रविवारी येते, घरी राहा. धर्मपालने तेव्हाच नाक मुरडलं होतं. मी त्याला म्हणाले, बाबा, सरांच्या वेळेला दहा दावे होते, आपल्याकडे साठ आहेत.

रविवारी पोचले तर अंगण सारवलेलं, खाटेवर नवी चादर, आणि तांड्यावरच्या दहा-बारा बायका वकीलबाईला पाहायला आलेल्या. मला खाटेवर बसवलं. लालीबाई आरशांची ओढणी अंगभर घेऊन समोर बसली, चेहरा हसरा. शिरा आणला जावेने, पाणी आणलं जावेने, आणि मला वाटलं, वा, या घरात दुखऱ्या माणसाची किती काळजी घेतात! मी विचारलं ते सगळं लखीरामने सांगितलं. हात कसा आहे म्हटलं तर लालीबाईच म्हणाली, "बरा हाय बाई, चालते." पाऊण तासात मी उठले. निघताना मला टॉवेल-नारळ दिलं त्यांनी. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मी पार्टनर झाले होते ना! ऑगस्टच्या लोकअदालतीत तीन बोटांवर तडजोड झाली, लालीबाईने अंगठा दिला, मी सही केली, आणि फाईल बांधून वर ठेवली.

डिसेंबरात नेरच्या कोर्टातून परत येताना एका कागदावर तिचा अंगठा राहिला होता म्हणून गाडी तांड्याकडे वळवली. कुणाला कळवलं नव्हतं, तेही नियम आठवला म्हणून नव्हे, आयत्या वेळी ठरलं म्हणून. घरी कुणी नव्हतं. कुणीतरी शेत दाखवलं. लालीबाई वेचणीला होती. कमरेला कापसाची ओटी, डावा हात भराभर चालत होता, आणि उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत होता. तो झाडात अडकू नये म्हणून तिने फडक्याने कमरेशी बांधून टाकला होता. नुसत्या बोटांचं नव्हतंच ते. सगळा हातच गेलेला होता. मला पाहून ती लाजली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ओढणीचा पदर ओढून तो झाकला. पाणी प्यायला बसली तेव्हा पेला दोन गुडघ्यांत धरला आणि त्यात डाव्या हाताने ओतलं. मी तिथेच ढेकळावर बसले. मी तिला रागानेच विचारलं, चक्क रागाने, की त्या दिवशी सांगितलं का नाही? ती शांतपणे म्हणाली, "तुमी तं पाव्हन्या होऊन आलत्या बाई. पाव्हन्यापुढं लुळा हात काढाव काय आमी? वकील होऊन आलत्या असत्या तं दाखोला असता."

धर्मपाल तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. हात ओढला गेला तेव्हाच खांद्यातल्या शिरा तुटल्या होत्या, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तो आता परत येणार नाही. त्याचा नवा दाखला आमच्याकडे आहे. आणि एका पूर्ण हाताचा हिशेब तीन बोटांत मिटवून घेतल्याचा, माझ्या सहीचा कागदही आहे.

त्यानंतरचे आठ दिवस मी जेवले, कोर्टात गेले, उलटतपासण्या घेतल्या, आणि यातलं काहीच मला आठवत नाही. बार रूममधल्या एका ज्येष्ठांना नाव न घेता विचारलं, तर ते म्हणाले, बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची, तडजोड झाली म्हणजे झाली, तिची काही तक्रार आहे का? नव्हती ना. हेच तर वाईट होतं, तिची काहीच तक्रार नव्हती. तिला वाटत होतं कोर्टात हाताची किंमत एवढीच असते. धर्मपाल भांडायच्या ऐवजी माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाला, "मॅडम, एकट्याच कायले जीव खाऊन राह्यल्या? पाटीवर माहं बी नाव आहे." मग मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तू असतास तर चिडवलं असतंस.

शेवटी सरांकडे गेले. ते आणि काकू ओट्यावर सोल्यांसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा, त्यांना ऐकू यावं म्हणून. शेजारच्यांनीही ऐकलं असेल. मला वाटलं ते म्हणतील, पोरी, होतं असं, मीही केल्यात चुका. ते म्हणाले, "लालीबाईला सांगितलंस?" मी म्हटलं, अजून नाही. "मग माझ्याकडे आधी कशी आलीस?" एवढं बोलून ते परत शेंगा सोलायला लागले. काकूंनी मला थांब म्हटलं, पण मी थांबले नाही.

तशीच तांड्यावर गेले. यावेळी जमिनीवर बसले आणि लालीबाईला तिच्या भाषेत जमेल तितकं, माझ्या भाषेत बाकीचं, सगळं सांगितलं. की तुझ्या हाताचं कोर्टासमोर काही आलंच नाही, चूक माझी आहे, तुला माझ्याविरुद्ध तक्रार करता येते. लखीराम तांबडा झाला आणि उठून बाहेर गेला, त्याचं बरोबरच होतं. ती मात्र डाव्या हाताने पुढ्यातला कापूस निवडत म्हणाली, "मंग आता तुमी माह्या बाजूनं, का तिकडून?" मी म्हटलं, तुझ्याच बाजूने, पण आता मी तुझी वकील होऊ शकत नाही. "मंग साक्ष द्या," म्हणाली. साठ दावे चालवणाऱ्या मला जे आठ दिवसांत सुचलं नाही ते तिला वेचलेला कापूस निवडता निवडता सुचलं.

आता बसस्टँडचं. तुला पक्षकार नकोत, पैसा हवाय, असं मी तुला चार माणसांसमोर म्हणाले. ते खोटं होतं आणि मला तेव्हाही माहीत होतं. तुझ्या बाबांच्या आजारपणाला किती लागत होतं ते मी पाहिलेलं होतं. तू मला सोबत चल म्हणाला होतास, सलील. त्याचं हो किंवा नाही मला देता आलं नाही, म्हणून मी तुझ्या कामावर घसरले. पुढे गौरीशी तुझं लग्न झालं तेव्हा पत्रिका आली, मी साधी तारही केली नाही. ती सुखात असो, तूही. पण तो अन्याय माझ्याकडून झाला, आणि तो मी सहा वर्षं तत्त्वाच्या नावाखाली मिरवला.

हे पत्र लिहिलं ते एका कामासाठी. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, फक्त तुमच्या हायकोर्टात रिट, आणि ते दार किती अरुंद आहे ते तुला मी काय सांगणार. त्यातून आत जायचं तर कुणीतरी उभं राहून म्हणावं लागेल की या बाईच्या वकिलाने तिला तपासलंच नाही, तिला काही कळू न देता तिचा अंगठा घेतला. माझं प्रतिज्ञापत्र, नवा दाखला आणि लालीबाईच्या अंगठ्याचं वकीलपत्र सोबत जोडलंय. वकिलाच्या नावाची जागा तुझ्यासाठी सोडली आहे. तुझं नाव मी तिला सांगितलं, तू कोणाच्या बाजूने उभा राहतोस तेही सांगितलं, आणि तिने हो म्हटलं. लालीबाईच्या जिनिंगची विमा कंपनी तुझ्याकडची नाही, ते मी पाहून घेतलं. आमच्यासारख्या वकिलांच्या चुका शोधण्यात तुझी सहा वर्षं गेलीत, म्हणून तूच हवास. इथला कुणी असला तर माझ्या नावाला जपत युक्तिवाद करेल, माझी वकिलीची सनद वाचावी म्हणून शब्द मवाळ करेल. तू तसं करू नकोस. माझ्यावर तुझा राग आहे, आणि तो राग मी कमावलेला आहे. एवढा एकच माझ्याकडे शिल्लक आहे जो लालीबाईच्या उपयोगी पडेल. तो सगळा वापर.

तुझीच,
अनघा