बिनकामाची खाच

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार
बसली! पप्पांनी हॉस्पिटलच्या भंगारातून आणलेली एक्स-रे मशीनची लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसली. एफ ०.९५. एका मेणबत्तीच्या उजेडात फोटो निघेल. मागचं भिंग सेन्सरला जवळजवळ टेकतं, त्यामुळे तिला कॅमेऱ्याशी जोडणारी रिंग बाजारात मिळत नाही. मीच पप्पांच्या कॉम्प्युटरवर डिझाइन केली, त्याला जोडलेल्या थ्रीडी प्रिंटरवर छापली. लेन्समध्ये एक तुटका स्क्रू अडकलाय, तो आड येत होता – म्हणून रिंगला खाच ठेवली. पप्पांना दाखवलं. म्हणाले, "मला वाटलं उंदराने कुरतडली, बाय!"

२४ ऑक्टोबर
स्क्रू काढला. खाचेची गरज संपली. नवी रिंग माझ्या ऑफिसच्या प्रिंटरवर छापली. जुनी खणात.

२ नोव्हेंबर, रविवार
मृतांचा सण. संध्याकाळी नंदाखालच्या दफनभूमीत गेलो. आजीच्या थडग्यावरच्या मेणबत्तीत मम्मीचा चेहरा स्वच्छ आला, डोळ्यांतल्या पाण्यासकट. ॲल्रॉय लग्नांचे फोटो काढतो, पण हा फोटो मोठा करून करून बघत राहिला. मग, "रेजी, थोडे दिवस दे ना." लेन्स दिली, रिंगसकट. जानेवारीत त्याचं-माझं लग्न आहे. मी सहसा माझं काही कुणाला देत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
जेवताना माझ्या बहिणीने, टिफनीने, फोन पुढे केला. "रेजी, तुझा होणारा नवरा बघ. शास्त्रज्ञ झाला!"
ॲल्रॉयचा व्हिडिओ. वसईच्या किल्ल्यात उभा, हातात रिंग. "हे डिझाइन मी केलं." खाली फाइल, त्याच्या नावाने. आणि रिंगला खाच! वर समजावतो – "ही हवा खेळती राहावी म्हणून."
हवा!
टिफनी हसली. पप्पा बोंबलाचे काटे काढत राहिले. बोंबलाला असतात किती!
खाच माझी आहे. आयता पुरावा.

१६ नोव्हेंबर
मिसा सुटल्यावर चर्चबाहेर ॲल्रॉयला गाठलं.
"नवराबायकोत तुझं-माझं काय, रेजी?"
"अजून नवरा नाहीस."
"चोरली नाही मी. शपथ!"
"मग काय उडत आली?"
काही सांगणार होता. मी रिक्षात बसले. घरी येऊन साखरपुड्याची अंगठी टिफनीच्या हाती परत पाठवली.

१८ नोव्हेंबर
पप्पांनी स्वतः चहा करून आणला. "सोड ना बाय. पोरगा वाईट नाही." या घरात माझ्याशी नीट बोलणारे तेवढे पप्पाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार
ॲल्रॉयने लेन्स परत पाठवली. डबा उघडला. रिंग गुळगुळीत.
अर्थात! त्याला मी हीच दिली होती. माझी खाचेची रिंग त्याच्या हाती कधी गेलीच नव्हती. ती अजून माझ्या खणात आहे; व्हिडिओतली फाइलवरून छापलेली. आणि ती फाइल होती एकाच कॉम्प्युटरवर.
दोन्ही रिंगा शेजारी शेजारी ठेवल्या.

२३ नोव्हेंबर
विचारलं. पप्पांनी पेपरमधून डोकं काढलं नाही.
"फाइल मीच दिली त्याला. म्हटलं, तुझ्या नावाने टाक. जावयाचं नाव झालं तर तुझंच भलं ना, बाय?" मग पान उलटलं. "त्याने विचारलं, ही खाच कशाला? मी म्हटलं, सांग – हवेसाठी."