सम्राटाच्या कपाळावरचं कुंकू

३ ऑगस्ट
नाण्याचा फोटो नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर पुन्हा टाकला. व्यास १७.४ मिमी, वजन २.३१ ग्रॅम. व्हर्नियर कॅलिपर स्वतःचा, कंपनीतला नव्हे. रोमन, ब्रॉन्झ, चौथं शतक. यावर माझ्याशी वाद नको, ही लिपी मी कुणाच्या वर्गात बसून नाही, नाणी बघून बघून शिकलोय. नावाची पहिली तीन अक्षरं स्वच्छ. व्हॅलेन्स, की त्याचा भाऊ व्हॅलेन्टिनियन? पुण्याचे कुलकर्णी म्हणतात, "राव, नाकावरून बादशहा ओळखताय होय? पुढची अक्षरं दाखवा."
पुढच्या अक्षरांवर आईचं कुंकू आहे.

५ ऑगस्ट
आईच्या लेखी ती देवी. तिच्या सासूला तेर गावाकडच्या शेतात सापडली, तेव्हापासून देव्हाऱ्यात. सम्राटाचं डोकं म्हणजे देवीचा मुखवटा, मोत्यांचा पट्टा म्हणजे मुंडावळ्या. मागच्या बाजूच्या विजयदेवतेचे पंख म्हणजे जादा हात. रोज दुधापाण्याची आंघोळ, सणाला चिंच-मिठानं घासणं, कपाळ सोडून.
आज मानेशी फिकट हिरवी भुकटी दिसली. टाचणीनं काढली तर खाली खड्डा. मीठ आत उतरलंय. हा ब्रॉन्झचा रोग, आता धातू खात जाणार.
"धुऊ दे आई, नायतर ती राहायची नाही."
"आंघोळ घाल की. कुंकू नको पुसू."
"अगं, कुंकवाखालीच..."
"माझं पुसलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. तिचं न्हाई पुसायचं."
टाचणी परत डबीत ठेवली.

८ ऑगस्ट
सम्राटाचा कान गेला. परवा होता. कुरुळीची ही दमट हवा. ओल शोषायला तांदळाच्या डब्यात ठेवू म्हटलं, आई देव्हाऱ्यातून उचलू देईना. बायको, सुनंदा : "आईंना दम लागतोय तो दिसत नाही, आणि भिंग लावून नाण्याचे कान मोजताय!" डोळ्यांदेखत चाललंय. नाव न कळताच...

११ ऑगस्ट
आईला पिंपरीला दवाखान्यात हलवलं. ऑक्सिजन. मास्क बाजूला करून पहिलं वाक्य : "तिला आंघोळ घातली का रं?"
"घातली."
"कुंकू?"
"लावलं."
दोन्ही खोटं. परतताना बसमध्ये डोक्यात एकच : देव्हाऱ्याजवळ आता कुणी नाही.

१२ ऑगस्ट
केलं. बॅटरीचं पाणी आणलं, त्यात क्षार नसतात. मऊ ब्रश. सुनंदा दारात उभी होती. म्हणाली, "विचारलंत का त्यांना?" पाणी लाल झालं, बदललं, पुन्हा लाल. थर अखंड सुटला. मी भिंग धरलं.
खाली अक्षरं नाहीत. हिरवा चुरा आणि खड्डा. अक्षरांचं उरलंसुरलं थराबरोबर निघून आलं. कुंकवानंच धरून ठेवलं होतं की काय.
कुलकर्णींचा मेसेज : "काय राव, कोण निघाला?" फोन पालथा ठेवला.

१४ ऑगस्ट
नाणं पाण्यात बुडवून ठेवलंय, पाणी रोज बदलतोय. भुकटी कमी, पण आहे. कपाळ कोरं. असं कपाळ मी आईचं पाहिलंय, बाबा गेले त्या दिवशी.

१५ ऑगस्ट
आईचा मास्क निघाला. उद्या घरी. "आधी तिला बघायचंय," म्हणाली.
नाणं पुसून कोरडं केलं. कुंकू लावलं तर ओल धरणार, रोग परत. लावलं नाही तर आई बघणार.
सुनंदानं कुंकवाचा करंडा आणून समोर ठेवला. झाकण उघडलंय. बोट करंड्याशी थांबलंय.