डावीकडं कलणारा काप

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

कारखान्यात जाड लोखंडी प्लेटचा काप आजही खाली डावीकडंच कलला. ऑक्सिजन वाढवला, कमी केला, गॅस कटर सावकाश ओढला, तरी डावीकडंच! फोरमन म्हणाला, "अण्णा, हात थरथरतोय तुमचा. वय झालं की." उद्याही तसंच झालं तर कटर दुसऱ्याच्या हातात देणार म्हणे.

संध्याकाळी हिनं स्टोव्ह पेटवला, तर ज्योत एका अंगाला झुकलेली. "कचरा बसलाय की भोकात," म्हणत तिनं पिन मारली. ज्योत सरळ! मी बघतच राहिलो. कटरच्या नोझलचं, ज्योत निघते त्या तोंडाचं, भोक मी तपासलंच कुठं?

उद्या नोझल अर्धं फिरवून बघतो. काप उजवीकडं कलला तर दोष नोझलचा. डावीकडंच गेला तर... मगाचपासून माझं अक्षरच न्याहाळतोय. सरळ आहे. आहे ना?