पितळी टोप आणि फ्रान्सचं अंडं

३ मार्च, सकाळी
शी! लातूरचा एजन्सीवाला नमुन्याचं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून गेला. फ्रान्सच्या धर्तीचं आहे म्हणे. गोल, गुळगुळीत, पिवळंजर्द. पुढं काच, कान झाकलेले, मान झाकलेली. आतला माणूस दिसतच नाही. कुठल्यातरी थोराड पक्ष्यानं अंडं घालून ठेवावं तसं ते टेबलावर बसलंय. त्याच्याकडं बघत चहा गेला नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी फाईलवर माझं मत मागितलंय, ही हेल्मेटं घ्यावीत का. मत असं घाईनं देत नसतात. फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली.

दुपारी
आमची जुनी फायबरची हेल्मेटं काढून बघितली. एकात आमचा ड्रायव्हर भागवत भुईमुगाची टरफलं टाकतो. दुसऱ्यात नटबोल्ट. तिसऱ्याचा आतला पट्टा हाताला चिकटला. हात साबणानं धुतला, वास जाईना. जेवण तसंच राहिलं. या खात्यात रुबाब म्हणून काही उरला नाही. तो मी परत आणणार. निश्चय.

४ मार्च
मोबाईलवर जगातल्या फायर ब्रिगेडचा अभ्यास. दिवसभर. दोनदा चार्जिंग.

अमेरिका: चामड्याचं, काळं, मागं लांब पाळ, कपाळावर पितळी गरुड. अजून तेच घालतात. याला म्हणतात जात टिकवणं.
लंडन: एके काळी पितळी, डोक्यावर तुरा, तुऱ्यावर ड्रॅगन. पुढं सोडून दिलं. विजेचा शॉक लागतो म्हणे. राज्य गेलं ते अशानंच गेलं.
जर्मनी: अंधारात चमकणारं. काजवे!
जपान: मागं चंदेरी कापड लोंबतं. स्कूटीवरच्या पोरींच्या स्कार्फसारखं.
फ्रान्स: उपडं घातलेलं स्टीलचं भगुनं. आणि त्याची नक्कल आमच्या वाट्याला.

पाणीपट्टी विभागातून इकडं प्रभारी अधिकारी म्हणून आलो तेव्हा लोक हसले होते. पण डोक्यावर काय असावं हे कळायला आग विझवता यावी लागते असं थोडंच आहे?

५ मार्च
आमचा फायरमन रविकांत सकाळपासून ते अंडं घालून फिरून राहिलाय. काढ म्हटलं तर म्हणे, साहेब, लई हलकं हाय, मान दुखत न्हाई. हलकं! हलक्याचीच आवड लागलीय सगळ्यांना. काचेवर त्याच्या तोंडाची वाफ आलेली बघून नाकाला रुमाल लावला.

९ मार्च
ठरलं. २० एप्रिलला नांदेडात अग्निसेवक मित्रमंडळाचं संमेलन आहे. संचलन होणार. मुंबईहून मोठे साहेब येणार. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत पितळी टोप घालून उभा राहणार. साहेब थांबतील, बघतील, विचारतील. मी थोडक्यात सांगेन (भाषण पाठ करणे). मग अंड्यांच्या ऑर्डरी आपोआप रद्द. आधी मराठवाड्यात, मग बघू.

प्रश्न पितळेचा. बाजारात भांडी बघितली. पत्रा इतका पातळ की बोटानं दबतो. किळस आली.

११ मार्च
पितळ घरातच होतं! माळ्यावर बायकोचं, तारामतीचं घंगाळ. जुनं, जड, एकदम खणखणीत. लेकीच्या, पुनमच्या बारशाला सासूबाईंनी, म्हणजे सिद्धम्मांनी नाव घालून दिलेलं. पुनमला पहिली अंघोळ त्यातच घातली होती. तेव्हापासून माळ्यावर, धूळ खात. आमच्या न्हाणीत प्लास्टिकची बादली आणि घंगाळ माळ्यावर, ही आपली संस्कृती. मी त्याला न्याय देतोय.

तारामतीला सांगितलं, पोचे काढायला टाकतो. ती म्हणाली, बरं झालं, पुनम एप्रिलअखेर बाळंतपणाला येऊन राहिली, लेकराला पहिलं पाणी माझ्या आईच्याच घंगाळातून पडलं पाहिजे. एवढं एक करा बाई, दुसरं काही मागणं न्हाई माझं. मी हो म्हटलं. तसलंच दुसरं कुठंतरी मिळेल. घंगाळ ते घंगाळ.

१३ मार्च
घंगाळ घेऊन उदगीरला गेलो. बसलिंगप्पा तांबट. दुकान काळंकुट्ट, पाण्याचा माठसुद्धा काळा. त्याला सांगितलं, याचाच टोप पाहिजे. पुढं नक्षी, माथ्यावर तुरा, मागं पाळ. दिवसभर उन्हात राहील असा मजबूत. त्यानं माझ्या डोक्याला सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि विचारलं, माप तुमचंच घिऊ का? म्हटलं, मग कुणाचं? तो आदरानं म्हणाला, आयतु मालक, झालं समजा. पैशाचं मनावर घेऊ नका म्हणाला, हे पुण्याचं काम. कलेची जाण असलेला माणूस. चित्रं दाखवायची गरजच पडली नाही.

२९ मार्च
टोप आणला.

माथ्यावर पाच फण्यांचा नाग आहे. दोन्ही बाजूंना कानावर पितळी फुलं. मी विचारलं तर बसलिंगप्पा म्हणाला, मालक, देवीच्या टोपाला नाग लागतोच की. कुठल्या गावची देवी तेवढं तुम्ही सांगितलं न्हाई.

क्षणभर रागावलो. मग बसमध्ये विचार केला. लंडनवाल्यांच्या तुऱ्यावर ड्रॅगन होता. ड्रॅगन म्हणजे तरी काय, परदेशी नागच. तेव्हा हे अस्सल भारतीय उत्तर आहे. चुकून झालं, पण बरोबर झालं. गावात उतरल्यावर एका गॅरेजात पुढं बोल्टनं 'अग्निशमन'चा पितळी बिल्ला बसवून घेतला. फोम आत लावू का असं तिथल्या पोरानं विचारलं. स्पष्ट नकार दिला. फोम म्हणजे प्लास्टिकच.

१ एप्रिल
ऑफिसात दार लावून टोप घातला. गच्च बसतो. कान थोडे दुमडतात, हरकत नाही. भागवत न विचारता आत आला आणि त्यानं हात जोडले. मग ओळखलं आणि तंबाखू थुंकायला बाहेर पळाला. बाहेर खूप वेळ हसण्याचा आवाज येत होता. खालच्या माणसांना सौंदर्याची सवय नसते.

६ एप्रिल
औसा रोडला मांडवाखालच्या कडब्याच्या गंजीला आग. टोप नेला नाही, काजळी बसली असती. मी गाडीजवळ थांबून नियंत्रण केलं. रविकांत ते अंडं घालून आत घुसला आणि मांडवाचा जळका वासा त्याच्या डोक्यात पडला. तो डोकं झटकून पुन्हा कामाला लागला. हेल्मेटावर नुसता ओरखडा.

नशीबवान आहे पोरगा. हेल्मेटाचा काही संबंध असेल असं वाटत नाही.

घरी आलो तर नाकात, कानात, बनियनमध्ये राख. शी, शी. तीन बादल्या पाणी. प्लास्टिकच्या बादलीनं.

१२ एप्रिल
तारामतीनं पुन्हा घंगाळाचं विचारलं. म्हटलं, तांबट आजारी आहे. ती म्हणाली, मग मीच जाते उदगीरला, बघून पण येते त्याला. म्हटलं, संसर्गाचा आजार आहे. खोटं बोलताना तोंडात कडू चव येते, पण मोठ्या कामात घरच्यांना त्रास होतोच. उद्या नक्की दुसरं घंगाळ शोधणे.

१५ एप्रिल
शोधलं नाही. भाषण पाठ करत होतो. 'मान्यवर, शिरस्त्राण ही केवळ वस्तू नव्हे.' इथपर्यंत येतं.

मुख्याधिकाऱ्यांचा फोन. हेल्मेटाच्या फाईलचं काय झालं? म्हटलं, वीस तारखेनंतर तुम्हीच मला धन्यवाद द्याल. ते म्हणाले, फाईल पाठवा. संकुचित माणूस.

२० एप्रिल, सकाळी ८, बस
टोप पिशवीत मावत नाही, मांडीवर घेतलाय. रविकांत, भागवत मागच्या सीटवर. बाहेर ऊन आत्ताच अंगावर येतंय. बसमध्ये घामाचा आणि कुणाच्या तरी उलटीचा वास. नायगावला चढलेल्या एका म्हातारीनं टोपाला हळदकुंकू लावलं आणि पाच रुपये ठेवले. विचारलं, कुठली आई हाय बाबा? म्हटलं, आजी, हे फायर ब्रिगेडचं आहे. ती म्हणाली, आसंल, समदीकडं तिचंच हाय. पाच रुपये परत घेईना.

हळदकुंकू पुसलं नाही. साहेबांवर छाप पडेल.

२० एप्रिल, संध्याकाळी, दवाखाना, नांदेड
लिहावंसं वाटत नाही. पण डायरीचा नियम म्हणजे नियम.

मैदानावर सावली नाही. सगळ्यांच्या डोक्यावर अंडी. माझ्या डोक्यावर टोप. लोक मोबाईल काढून फोटो काढत होते, म्हणजे सुरुवात चांगली झाली. साहेब उशिरा आले. तोवर पितळ तापत गेलं. आधी ऊब, मग चटका, मग तवा. मी हललो नाही. अमेरिकेतला गरुडवाला हलला असता का?

साहेब रांगेतून आले. माझ्यापुढं थांबले. अगदी ठरवल्याप्रमाणं. बराच वेळ बघितलं. मग हात जोडून विचारलं, आपण कोणत्या देवस्थानाकडून आलात?

मी म्हणालो, मान्यवर, शिरस्त्राण ही केवळ. आणि पडलो.

शुद्धीवर आलो तर टोप निघेना. कान सुजून ती पितळी फुलं आत रुतली होती. रविकांत पाणी मारत होता आणि भागवत माईकवाल्याला ओरडून सांगत होता, आमच्या साहेबांच्या डोक्यात भांडं आडकलंय, पत्रा कापायची कात्री आना. भांडं! माईक चालू होता. दोघांनी मिळून टोप मधोमध कापला. आवाज अजून कानात आहे.

२१ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, भाजलंय थोडंच, कपाळावर डाग राहतील, जातील हळूहळू. ते बोलताना हसू दाबत होते. मी आरसा मागितला.

बसलिंगप्पानं घंगाळावरची नावाची अक्षरं ठोकून सपाट केलीच नव्हती. नागाच्या नादात मला ती दिसली नाहीत, मग वरून बिल्ला आला. आतून त्यांचे उंचवटे तसेच होते. ते माझ्या कपाळावर उठलेत. ठिपक्याठिपक्यांत, समोरच्याला सरळ, स्वच्छ वाचता येतील असे: सप्रेम भेट.

मुख्याधिकाऱ्यांनी फाईल ड्रॉवरमधून काढून घेतली. ऑर्डर गेली. फ्रान्सची.

२२ एप्रिल
ऑफिसला अंडं घालून बसलो. काच खाली. लोकांना सांगितलं, शत्रूचा अभ्यास आतून करावा लागतो. कपाळ पूर्ण झाकतं. आतलं अस्तर मऊ आहे. तेवढं एक मान्य.

घरीही घातलं. तारामती म्हणाली, हे काय नवीन सोंग? म्हटलं, ट्रायल. पुनम आलीय, बस प्रवासानं दमलीय, पोट खाली उतरलंय. तिला बघून बरं वाटलं. काचेतून.

२३ एप्रिल
जेवताना पुनमनं हात घालून काच वर केली, मग हेल्मेटच काढलं. म्हणाली, पप्पा, घास कसा जाईल. वाचलं आणि हसायला लागली, पोट धरून. म्हणाली, आई, बघ ना, पप्पांवर सप्रेम भेट लिहिलंय.

तारामती पोळपाट सोडून आली. जवळ बसली. पीठ लागलेलं बोट अक्षरांवरून हळूच फिरवलं. सिद्धम्मा उदगीरच्या बाजारात उभ्या राहून नाव घालून घेत होत्या तेव्हा तारामती पुनमला घेऊन शेजारीच होती. मला माहीत नव्हतं ते. तिनं तेवढंच सांगितलं. मग विचारलं, त्याचे तुकडे तरी कुठं आहेत? मी म्हणालो, नांदेडला राहिले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी माझ्याकडून दोन वाक्यं तयार केली होती, लंडन आणि परंपरेवरची. ती वाक्यं तोंडात आली आणि मला पहिल्यांदा माझीच शिसारी आली.

तारामती चप्पल घालून बाजारात गेली. अर्ध्या तासानं परत आली ती गुलाबी प्लास्टिकचा टब घेऊन. बाळाला अंघोळ घालायचा, आत बदकाचं चित्र असलेला. माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, पाणी भरून बघा, गळतो का.

भरून बघितला. गळत नाही.