फरशी वाळेपर्यंत

प्रिय गुंड्या,

मशीन कसं चाललंय, असं तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी "झकास" म्हणून मोकळा झालो. फोनवर मला दुसरं काही सुचतच नाही. तू "बरंय ना सगळं?" म्हणतोस, मी "बरंय" म्हणतो, मागे बाळ रडायला लागतं आणि आपण दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. म्हणून आज लिहितोय. आईनंच सांगितलं, दुकानात बसून लिहा. म्हणाली, घरी लिहिलंत तर मी वाचीन, आणि वाचलं तर पाठवू देणार नाही. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, समोर एका मास्तरांच्या चष्म्याची काच घासायची पडलीये. पडू दे. हल्ली मला फार लवकर थकवा येतो. वयाचा म्हणावा, तर तेवढं वय झालेलं नाही.

आपोआप फिरून फरशी पुसणारं हे मशीन घ्यायची कल्पना तुझीच. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी आईला निक्षून सांगितलं होतं, खाली बसून फरशी पुसणं बंद. आई "हो हो" म्हणाली आणि घरी येऊन त्याच गुडघ्यांवर, आम्ही दवाखान्यातून आणलेली धूळ पुसायला बसली. कामाला बाया ठेवून पाहिल्या. एकही टिकली नाही. बिचारी पुसून वळते न वळते तोच आई तीच फरशी पुन्हा पुसायला घ्यायची. आपलं काम असं डोळ्यांदेखत खोटं ठरवलेलं कुणाला खपेल? तेव्हा तू तो लांबलचक मेसेज पाठवलास. डोक्यावर लेझर असलेलंच घ्या, ते घराचा नकाशा नीट काढतं. नुसतं ओलं फडकं ओढत नेणारं नको, गरगर फिरणारी दोन फडकी हवीत, आणि गालिचा आला की ती आपोआप वर उचलली गेली पाहिजेत. मुख्य म्हणजे ज्या स्टँडवर ते चार्ज होतं, तिथेच फडकी गरम पाण्यानं धुऊन गरम हवेनं वाळली पाहिजेत, नाहीतर कुबट वास मारतो. मी थक्क झालो. स्वतःचा डबा घासायला सांगितलं की भोकाड पसरायचास, तोच ना तू? सूनबाईला म्हटलं, याला एवढं कसं कळतं गं, तर हसून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे दोन आहेत. एक धुवायला काढलं की दुसरं." मीही हसलो.

मशीनच्या दुकानातली मुलगी फार गोड होती. तिनं आमच्यासमोर मुद्दाम बिस्किटाचा चुरा टाकला, त्यावर कॉफी सांडली आणि मशीन सोडलं. ते गुरगुरत आलं आणि सगळं चाटूनपुसून लख्ख करून गेलं. आजूबाजूच्या लोकांनी "वा" म्हटलं. आईनं पर्समधून पांढरा रुमाल काढला, कशीबशी वाकली आणि त्या फरशीवरून फिरवला. रुमालावर करडा पट्टा उमटला. तो त्या मुलीसमोर धरून आई म्हणाली, "आणि हे काय?" मुलीचा चेहरा पडला. मग उलटतपासणी सुरू झाली. स्वयंपाकघर पुसलेलं फडकं घेऊनच हा आतल्या खोलीत शिरणार का? नाही, मध्ये येऊन धुऊन जातो. पाणी कितपत गरम? आणि ज्या चाकांवर हा फिरतो, ती चाकं कोण धुतं? मुलीनं मशीन उलटं करून चाकं पाहिली. "म्हणजे पाय न पुसताच घरभर हिंडणार," आई म्हणाली. मला वाटलं, झालं, चला आता. पण ती तिथल्या स्टुलावर बसली, गुडघा दाबत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "घेऊन टाका. मला आता नाही होत." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

सुरुवातीचे दिवस खरंच मजेचे गेले. मशीननं घरभर फिरून नकाशा काढला, तो माझ्या फोनवर आला. आपलं घर वरून असं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. तुझी खोली स्वयंपाकघरापेक्षा मोठी निघाली. ते सोफ्याखाली जाऊन अडकायचं, फोनची वायर गिळायचं आणि मग मदतीसाठी केविलवाणं बोलायचं. गॅलरीच्या उंबऱ्यावर चढेना, म्हणून सुताराकडून एक उतरती फळी करून घेतली. आईनं त्याचं नाव घरजावई ठेवलं. दिवसभर कोपऱ्यात बसून खातो, आणि जरा काम केलं की पाणी मागतो. मी दुकानातून आलो की ती मला त्याच्या दिवसभराच्या तक्रारी सांगायची आणि आम्ही हसायचो. घरात असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. अर्थात ती त्याच्यामागून वाकून बघत फिरायची आणि कोपरे पुन्हा पुसायची, ते मला दिसत होतं. म्हटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. तुला ठाऊक आहे, मी या बाबतीत नेहमीच असं म्हणत आलोय.

मग तिनं स्टँडची मागची बाजू उघडली. तिथे दोन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची, एक मळक्या पाण्याची. बादलीतलं पाणी ती ओतून द्यायची आणि विसरायची. इथे मळकं पाणी पारदर्शक डब्यात साठून तिच्यासमोर उभं राहिलं. संध्याकाळी मला दाखवलं. "बघा, एवढं पुसूनही." मी म्हटलं, घर आहे, माणसं राहतात, होणारच. ती म्हणाली, "नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत फरशी स्वच्छ झाली असं कसं म्हणायचं?" बोलण्यात चूक काहीच नव्हती. तिचं बोलणं असंच असतं, चूक सापडत नाही. तिनं मशीन पुन्हा सोडलं. पाणी मळकंच निघालं. मग पुन्हा. आता गुडघे दुखण्याचाही प्रश्न नव्हता, नुसतं बटण दाबायचं होतं. आधी निदान दमली की थांबायची तरी. या नव्या गड्याला दमणं माहीत नव्हतं.

मला हे कळायचं ते फोनवर. सफाई सुरू, सफाई पूर्ण, सफाई सुरू. इकडे मी एखाद्याच्या डोळ्यांवर नंबर लावून "आता कसं दिसतंय" विचारतोय आणि तिकडे खिशात फोन गुरगुरतोय. एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, घरी काही अडचण आहे का? मी मेसेजचा आवाज बंद केला. मग आवाज येईना आणि त्याची काळजी वाटायला लागली. इतकी वर्षं मी सकाळी घरातून निघायचो आणि संध्याकाळी चकचकीत घरात परत यायचो. मधला दिवस कसा जातो हे मला या फोननं दाखवलं. मला तू आठवलास. शाळेतून आलास की दारात पसरलेल्या वर्तमानपत्रावर उभा राहायचास, आई आत बोलावेपर्यंत. एकदा मी लवकर आलो तर तू दप्तरासकट तिथेच उभा होतास, एका पायावर. म्हणालास, "बाबा, माझं बेट आहे हे. खाली समुद्र आहे." मला केवढं कौतुक वाटलं होतं तुझ्या कल्पनाशक्तीचं.

मागच्या महिन्यात एकदा भर दुपारी दुकान बंद करून घरी गेलो. आतून बोलण्याचा आवाज नाही, फक्त घरजावयाची घरघर. दार उघडलं. आई स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली होती, दोन्ही पाय वर घेऊन, साडी गुडघ्यांशी आवळून. सगळी फरशी ओली होती आणि मशीन त्या स्टुलाभोवती फिरत होतं. ओट्यावर पोळ्या झाकून ठेवलेल्या. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. फरशी वाळल्याशिवाय पाय टेकवायचा नाही आणि वाळेपर्यंत मनात यायचं, आधीचं पाणी मळकंच होतं, मग बसल्या जागेवरून हात लांब करून बाजूच्या स्टँडवरचं बटण पुन्हा. मी दारातून एक पाऊल आत टाकलं तर ओरडली, "बूट!" आणि लगेच रडायला लागली. "अहो, मला खाली उतरता येत नाहीये. मला दिसतंय की हे बरोबर नाही, पण उतरता येत नाहीये." मी फोनवरून मशीन थांबवलं. बुटासकट आत गेलो नाही, बूट काढूनही गेलो नाही. उंबऱ्यापाशीच बसलो. ती तिकडे स्टुलावर, मी इकडे दारात, मध्ये ओली फरशी. पंखा लावायचंही सुचलं नाही कुणाला. वाळायला फार वेळ लागला. मग ती उतरली आणि मला आधी जेवायला वाढलं.

गुडघ्यांच्या डॉक्टरांना मी हे एकट्यानं जाऊन सांगितलं. त्यांनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. म्हणाले, हा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे, आणि औषधापेक्षा जास्त म्हणजे सराव आहे. मी घरी विषय काढला आणि आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. "स्वच्छ राहणं हा आजार कधीपासून झाला? वेड लागलंय का मला?" मी विषय सोडून दिला. मशीन कपाटात ठेवलं, तर ती पुन्हा गुडघ्यांवर आली. पुन्हा बाहेर काढलं. खरंच सांगतो, त्या दिवसांत मला दुकानातून घरी जावंसं वाटायचं नाही. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहायचो.

आणि मग एका सोमवारी सकाळी तिनंच चहाचा कप ठेवत सांगितलं, त्या बाईंची वेळ घ्या. आता आम्ही दर आठवड्याला जातो. वयानं तुझ्याएवढीच आहे ती डॉक्टर. ती आईला समजावत बसत नाही, छोटी छोटी कामं देते. मशीन दिवसातून एकदाच सोडायचं आणि मळक्या पाण्याची टाकी मी ओतायची, आईनं बघायचं नाही. मी ओतत असताना ती माझ्याकडे पाठ करून उभी राहते आणि ओट्याची कड घट्ट धरते. पहिल्या दिवशी तिच्या मानेवर घाम आला होता. मलाही काम दिलंय: तिनं "स्वच्छ आहे ना?" विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. इतकी वर्षं "हो गं, स्वच्छ आहे" म्हणत आलो, ते म्हणे मी त्या आजाराला खाऊ घालत होतो. गप्प राहणं हे एवढं कष्टाचं काम असेल असं वाटलं नव्हतं. ती चिडते, मी गप्प. ती रडते, मी गप्प. मग दोघंही दमून झोपतो. सुधारणा आहे. काल नव्हती, काल तिनं लपून फरशी पुसली आणि मला स्वतःहून सांगितलं. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, सांगितलं ना, मग तीही सुधारणाच.

आता, ती अचानक कशी तयार झाली ते. आदल्या दिवशी, रविवारी, तुझा व्हिडिओ कॉल आला होता. तू बाळाला मांडीवर घेऊन तिचा नवा दात दाखवत होतास. येणं यंदाही जमणार नाही म्हणालास, प्रवासातली गर्दी, एवढंसं बाळ, कुणाकुणाचे हात लागतात. मी हो हो म्हणत होतो. आईची नजर एकदम खाली गेली. तू तिच्या घरात बाळाला आणत नाहीस, ते तिच्या स्वभावामुळे, असं तिला आजवर वाटायचं. मला वाटलं, त्याच दुःखात असेल. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "त्याचे हात बघितलेत?" मी म्हटलं, दात बघत होतो. म्हणाली, "बोटांची पेरं सोललीत त्याची. लाल झालीत, चिरा पडल्यात." मी म्हटलं, तिकडे थंडी असते. तिनं स्वतःचे दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर उलटे ठेवले. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला दिसतो, गुंड्या, त्यावर माझं पोट चालतं. तिचे हात मी इतकी वर्षं पाहिले नाहीत आणि तुझेही पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं वेळ घ्यायला सांगितली आणि म्हणाली, "माझ्याकडून त्याच्याकडे हे गेलं असेल, तर आता मी बरी होतेय हेही त्याला कळू दे. पण मला बोलायला जमणार नाही. तुम्ही लिहा." म्हणून हे पत्र. तुला बोलावत नाही, सल्लाही देत नाही. डॉक्टरीणबाई फोनवरही बोलतात, त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. तिकडे तुझ्या भाषेत बोलणारं, तुला बरं वाटेल असं कुणी असेल तर तेही चालेल. सूनबाईला मी काही विचारलेलं नाही, तुझ्यामागून विचारणार नाही. तुलाच विचारतो, आणि यावेळी "बरंय" म्हणू नकोस. दिवसातला किती वेळ जातो रे तुझा यात?

तुझाच,
बाबा