मी स्वतः मोजलेला रनअप

३ मार्च
काम मिळालं. विद्यापीठाच्या क्रिकेटसाठी बंदिस्त सराव इमारत, चार नेट्स. ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला, होबार्टच्या जून-जुलैच्या हिवाळ्यात, बाहेर सराव म्हणजे चिखलात चेंडू शोधणं. इतकी वर्षं ऑफिसात इतरांच्या इमारतींचे जिने काढले, ही पहिली माझी स्वतःची.
माझी मुलगी ब्रायडीही याच वर्षी इथं शिकायला आली. आठ वर्षं लॉन्सेस्टनला आईकडे होती. त्याआधी मागच्या अंगणात मीच तिला लेगस्पिन शिकवला होता. आता बापानं बांधलेल्या छताखाली बोलिंग टाकेल. आठ वर्षं फोनवर जे जमलं नाही, ते ही इमारत करेल. काम त्यासाठीच घेतलं का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही. असलं तरी त्यात वाईट काय?

११ मार्च
महिला संघाची कोच गेनॉर भेटली. म्हणाली, आर्किटेक्टसाहेब, दिसायला कोंबड्यांचं खुराडं बांध, मला फक्त लांबी दे. सांगितलं, बाई, चार सीझन याच विद्यापीठाकडून खेळलोय. काय टाकायचास, म्हणाली. लेगस्पिन, म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आदर असावा.

२० मार्च, सकाळी ७
आंघोळ करताना सुचलं. फलंदाजाच्या मागे काचेची बैठक. एकच लांब लाकडी बाक, पाठीमागे डोंगर. पालक बसतील. मी बसेन.
जागा तोकडी, गोलंदाजाच्या टोकाला लगेच कार पार्क. बैठकीसाठी थोडी लांबी रनअपमधून घ्यावी लागेल.

२२ मार्च
अंदाजानं कामं उरकणारे आर्किटेक्ट मला पाहवत नाहीत. मैदानावर जाऊन रनअप स्वतः धावून मोजला. पाच पावलं. गुडघा दुखला. आडदांड गोलंदाजांचाही विचार करायला हवा म्हणून दुप्पट धरला. दहा. याहून जास्त ही उधळपट्टी.

२५ मार्च
ब्रायडी जेवायला आली. बूट पाहिले. उजव्याचा चवडा घासून पार भोक पडलंय. पाय ओढत टाकते. तिकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. नाजूकपणे सांगितलं, पाय उचलत जा, बाळा. ती हसली. म्हणाली, डॅड, शनिवारी शेवटची मॅच आहे, ये ना बघायला, म्हणजे कळेल. नक्की येतो म्हटलं.

शनिवार, संध्याकाळी
बाकाच्या पायांचा सांधा जमेना. दिवस त्यातच गेला. शेवटी तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं. फोन केला. पाच विकेट काढल्या. गुगली चालली ना, विचारलं. हो डॅड, तसंच काहीतरी, म्हणाली.
लाजाळू आहे. माझ्यावर गेलीये.

१४ मे
कमिटीपुढे नकाशे. गेनॉरनं गोलंदाजामागच्या भिंतीवर बोट ठेवलं. म्हणाली, माझ्या पोरी काय भिंतीतून धावत येणार? मी आवाज न चढवता सांगितलं, हे अंतर मी स्वतः मोजलंय. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, स्वतः? स्वतः, म्हटलं. नकाशे मंजूर.
तिच्यासाठी एक झणझणीत उत्तरही सुचलं, पण गाडीपाशी पोहोचल्यावर.
जाताना म्हणाली, निदान त्या भिंतीत एक मोठं दार तरी ठेव. सामान आत-बाहेर करायला असेल. ठेवलं. मी हट्टी नाही.

९ ऑक्टोबर
पाया भरला. विद्यापीठाच्या पत्रिकेत ब्रायडीचा फोटो. दोन्ही पाय हवेत, केस पिंजारलेले, डोळ्यांत खून उतरलेला. फोटोवाले नेमका नको तो क्षण टिपतात. संपादकांना लिहिणार होतो. नंतर वाटलं, तिला लाज वाटायची.

२६ डिसेंबर
काल तिला बूट दिले. पातळ तळव्याचे, पिसासारखे हलके, खास स्पिनर्सचे. तिनं गालाचा पापा घेतला आणि ते पुन्हा नीट खोक्यात ठेवले. उद्‌घाटनासाठी राखून ठेवत असणार.

९ जून
उद्‌घाटन. पाऊस. बाक सगळ्यांना आवडला. कुलगुरू दोनदा त्यावरून हात फिरवून गेले.
पहिला चेंडू ब्रायडीचा. पायात जुनेच बूट. ती क्रीजपासून मागे चालत गेली, भिंतीला पाठ टेकली आणि तिनं गेनॉरकडे पाहिलं. गेनॉरनं ते मोठं दार उघडलं. ब्रायडी बाहेर पावसात गेली. दिसेनाशी झाली. कुलगुरूंनी मला हळूच विचारलं, गेली का ती? परत येईल, म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.
मग ती आली. गाड्यांमधून, दारातून, ओलीचिंब. चेंडू सोडताना उजवा चवडा जमिनीवर घासत गेला. बाकावरचे आम्ही सगळे मागे सरकलो. मधला स्टंप काचेवर येऊन आदळला. काच शाबूत राहिली, एवढी नोंद करतो.
तो लेगस्पिन नव्हता.
नंतर केस पिळत माझ्याजवळ आली. म्हणाली, तेरा वर्षांची होते तेव्हापासून हेच टाकते, डॅड. तू दर फोनला गुगलीचं विचारायचास. मग म्हटलं, कशाला मोडा तुझं मन. एकदा मैदानावर आलास की दिसेलच.
आपण तिला कधी विचारलं का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. हो. गुगलीचं विचारलं.

३० जुलै
मंगळवार-गुरुवार सराव. मागचं दार आपोआप मिटणारं आहे. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे, मीच निवडलेलं. गेनॉर म्हणाली, कुणीतरी धरून उभं राहायला हवं, पोरी आपटतील. मी जातो.
बाक आता बाहेर कार पार्कात, दाराशेजारी. पोरी त्यावर बसून नाड्या बांधतात. लाकूड फुगलंय. कार पार्कावर छप्पर घालायचं काम ऑफिसनं दुसऱ्याला दिलं. तरुण आहे. कॉलेजात फास्ट टाकायचा म्हणे.
दारातून मला तिची फक्त पाठ दिसते. चेंडू कुठं पडला ते आतल्या आवाजांवरून कळतं. आज पाऊस होता. शेजारून जाताना म्हणाली, डॅड, वाकून बघू नकोस. तुझं डोकं वाटेत येतं.